आईने वाचलेला नवरा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संगमनेरच्या कॉलेजात गॅदरिंगच्या जुन्या नाटकात मला नवऱ्याला जाब विचारणाऱ्या बायकोचं काम मिळालं. आमच्या घरात जाब विचारायची पद्धतच नव्हती! पाठांतराला समोर कुणीतरी हवं, म्हणून पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून, भाकरी थापता थापता आई नवऱ्याची वाक्यं वाचायची. एरवी वडिलांपुढे तिचा आवाज फुटत नसे. एके दिवशी मात्र ती गरजली, "पाणी आण! किती वेळा सांगायचं?" हुबेहूब वडिलांसारखी.

बाहेर ओट्यावर बसलेले वडील उठून आत आले. त्यांनी स्वतःच्या हाताने तांब्या भरला; मी तरी हे पहिल्यांदाच पाहिलं. पाणी पिऊन त्यांनी हळूच आईला विचारलं, "ह्यो नवरा शेवटाला सुधारतो का गं?"

भाकरी उलटत आई म्हणाली, "नाटकात सुधारतो."