पराते सरांना जागा मिळेना

तांडापेठेत स्वतःचं पाच खोल्यांचं घर असलेल्या माणसाला पानभर लिहायला जागा मिळू नये, याला काय म्हणावं? रुपराव पराते सरांचं नेमकं तेच झालं होतं, आणि सकाळपासून त्यांचं टाळकं सणकलं होतं.

सरांचे वडील माग चालवत. सरांनी मात्र कन्हानच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. नाद एकच, शब्दांचा. कोणता शब्द कुठून आला हे ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडेपर्यंत सांगायचे. निवृत्तीनंतर आठ्या पाडायलाही कोणी उरलं नाही. आणि आता शिक्षकांच्या एका मासिकानं आपण होऊन लेख मागितला होता. विषय 'रूम' हा शब्द, मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. आज हुकलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

मजकूर डोक्यात तयार होता. रूम म्हणजे मुळात खोली नव्हेच, मोकळी जागा. जुन्या इंग्रजीत त्याचा भिंतींशी काही संबंध नव्हता, तो कित्येक शतकांनी चिकटला. त्याचा जर्मन भाऊ 'राउम' अजून जागेलाही धरून आहे. बस, एवढं कागदावर उतरवायचं होतं.

पण मे महिना, आणि तोही नागपूरचा. पाच खोल्यांपैकी एकीत कूलर, म्हणून अख्खं घर त्या एकीत. मुलगा दुर्गेश पलंगावर आडवा, सून काजल लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, नात उन्नती कार्टून लावून बसलेली. सरांनी पलंगाच्या कोपऱ्यावर कागद मांडले, तर कूलरच्या तुषारांनी शाई पसरली.

"बाबा, दुसऱ्या रूममध्ये बसा ना. चार रूमा खाली पडल्या आहेत," दुर्गेश डोळे न उघडता म्हणाला.

"खाली म्हणते! भट्ट्या होय त्या," सर पुटपुटले. कोणी ऐकलं नाही.

बैठकीत खुर्चीचा दांडा चटका देत होता. देवाच्या खोलीत जमिनीवर कुरड्या पसरलेल्या. वरच्या खोलीची कडी तर हात लावू देईना. साडेचार वाजले, तेव्हा सर तणतणत स्वयंपाकघरात आले. त्यांची बायको, इंदुताई, सगळ्यांच्या पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होत्या.

"मले पाचपर्यंत जागा पाहिजे वं. स्वतःच्या घरात मले बसायले जागा नाही!"

इंदुताईंनी भांडी सरकवली, ओट्याचा कोपरा पुसला आणि स्टूल ओढून दिलं. सरांनी मथळा लिहिला, मग दोन ओळी. घाम टपकून त्याही फिसकटल्या.

"पंखा लाव ना."

"गॅस विझते."

दहा मिनिटांत सर उठले. बनियन पाठीला चिकटलं होतं. "इथं माणूस बसून राहीन तरी कसा?"

"मी राह्यलीच ना, बेचाळीस वर्षं." इंदुताईंच्या आवाजात राग होता. सरांनी तो आधी ऐकला नव्हता, किंवा ऐकून घेतला नव्हता. "तुमाले जागा पाहिजे होती, तुम्ही माह्याजवळ मागितली. मी कोणाजवळ मागू, जी?"

सरांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी बायकोच्या हातून झारा घेतला, तिला कूलरपाशी जायला सांगितलं आणि लेख तसाच ठेवून कैऱ्यांची सालं काढू लागले. हात भाजत होते. पाच वाजता फोन वाजला; तो त्यांनी वाजू दिला.

तेवढ्यात इंदुताई दारात दिसल्या.

"काहून परत आली वं?"

"तिथं बसायले जागा नाही," त्या म्हणाल्या, आणि सरांच्या हातातली कैरी घेऊन सोलू लागल्या.