सुट्टी आधी लिहायची

पुरुष रिटायर होतो तेव्हा तो रिटायर होतो. बाई रिटायर होते तेव्हा ती "आता घरीच असते". या दोन वाक्यांतला फरक मोठ्या सिस्टरना नोकरी संपल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, फ्रीजच्या दारावर चिकटवलेला सापडला.

मोठ्या सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातल्या बायकांच्या सर्जिकल वॉर्डाच्या प्रमुख नर्स. घरात त्या आई, आजी आणि "अगं, ऐकलंस का", पण बाहेर सगळे मोठ्या सिस्टरच म्हणत. सदतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस प्रमुख म्हणून. शुक्रवारी निरोप समारंभ झाला. भाषणं झाली, सेवावृत्तीचं कौतुक झालं आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जिनं उभा जन्म घड्याळाच्या धाकात काढला तिला घड्याळ देणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावं! सिस्टरनी ते हसून घेतलं, कारण त्यांच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती: दहा तारीख.

दहा तारखेला, म्हणजे दुसऱ्या सोमवारी, त्या ताईकडे जाणार होत्या. दोन महिन्यांसाठी. हा बेत दोन वर्षं फोनवर शिजत होता. ताई त्यांची सख्खी थोरली बहीण, बहात्तर वर्षांची, बसनं पाच तासांवरच्या गावात एकटी राहणारी. एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत उभा. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की फिरायचं ते यंदा फिरून घ्या, पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही. म्हणून आधी आठवडाभर ताईच्या घरी नुसतं लोळायचं, मग समुद्र, मग गरम पाण्याचे झरे, असं ठरलं होतं. ताईनं त्यासाठी बूटसुद्धा घेतले होते, आयुष्यात पहिल्यांदा. सवय व्हावी म्हणून घरातल्या घरात रोज दहा मिनिटं घालून फिरते म्हणे.

तर सोमवारी सिस्टर गजर न लावता उठल्या, चहा टाकायला स्वयंपाकघरात आल्या आणि फ्रीजसमोर थबकल्या. दारावर ड्युटी चार्ट होता. अगदी वॉर्डातल्यासारखा: पट्टीनं आखलेले रकाने, वर वार, डावीकडे वेळा. साडेसहा, मुलांचे डबे. सात चाळीस, स्कूलबसपर्यंत सोडणं. दहा, बाबांच्या पाठीचा शेक. साडेबारा, धाकटीला बालवाडीतून आणणं, जेवण, झोपवणं. चार, थोरल्याचा चित्रकलेचा क्लास. सहा, अभ्यास. प्रत्येक रकान्यात एकच नाव, आई. रविवारच्या रकान्यात लिहिलं होतं, "सगळे घरी, काहीतरी स्पेशल."

"कसा झालाय?" मुलगा मागून आला. ऑफिसला जायच्या तयारीत, चेहरा खुललेला. "मुद्दाम तुझ्या पद्धतीनं केलाय. आजचा दिवस तू झोप म्हटलं, उद्यापासून सुरू."

आता सिस्टरची पद्धत काय होती ते सांगायला हवं, कारण दुसऱ्या वॉर्डातल्या पोरी त्या पद्धतीसाठी बदली मागून त्यांच्याकडे यायच्या. महिन्याचा कोरा कागद समोर आला की बाकीच्या प्रमुख आधी ड्युट्या भरत आणि उरलंसुरलं सुट्टी म्हणून वाटत. मोठ्या सिस्टर आधी लाल पेन्सिल उचलत. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं मूल आजारी, कुणी दोन महिने माहेरी गेलेली नाही, हे सगळं विचारून त्या प्रत्येकीची सुट्टी पहिल्यांदा लिहीत. "ड्युटी काय, जागा दिसली की आपोआप घुसते," त्या म्हणत. "सुट्टीला आधी जागा धरून ठेवावी लागते." त्यांनी चार्ट वरपासून खालपर्यंत पाहिला. लाल काहीच नव्हतं.

"यात माझी सुट्टी कुठाय?"

मुलगा मनापासून हसला. "आई, आता तुला काय, रोजच सुट्टी!"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते सिस्टरना त्या क्षणी कळलं. मुलगा वाईट नव्हता, हेच तर जास्त संतापजनक होतं. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. हा तर पट्टी घेऊन, जीभ बाहेर काढून, प्रेमानं रकाने आखत बसला असणार!

"मी दहा तारखेला ताईकडे जातेय. दोन महिने. तुला माहितीय."

"हो, पण ते आता..." तो डोकं खाजवू लागला. "आम्ही पाळणाघराची जागा सोडली ना एक तारखेपासून. तू घरी असणार म्हणून. पुढच्या वर्षी जा की निवांत."

"मला विचारलंत?"

उत्तर आलं ते खुर्चीतून, वर्तमानपत्राच्या मागून. "ताई कुठे पळून चालल्यात का? पुढच्या वर्षी जा म्हणतोय तो. पोरांची अडचण बघायला नको?"

हे सिस्टरचे यजमान. सरकारी कचेरीत नकाशे काढत होते, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्यांच्या पहिल्या सोमवारी फ्रीजवर काही चिकटवलेलं नव्हतं. उलट सकाळच्या ड्युटीला जाण्याआधी सिस्टरनी त्यांचा चहा गाळून, वर बशी झाकून ठेवला होता. आणि गृहस्थ तेव्हापासून खरेखुरे निवृत्त होते: सकाळी फेरफटका, मग शब्दकोडं, दुपारी झोप, संध्याकाळी पत्ते. चार वर्षांत स्वतःचा कप विसळला नाही. आणि हे आता पोरांची अडचण शिकवणार! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सून दारात खांद्याला पर्स अडकवून उभी होती. "आई, मी म्हटलं होतं यांना, आधी तुम्हाला विचारू या," ती हळूच म्हणाली. म्हटलं असेलही. पण म्हणून थांबलं कुणीच नव्हतं. नातवंडं सिस्टरच्या जिवापाड लाडकी होती आणि तेच सगळ्यांनी हिशेबात धरलं होतं. म्हातारी नाही म्हणणार नाही, ही घरातल्या सगळ्यांची खात्री होती.

सिस्टरनी तोंड उघडलं असतं तर सदतीस वर्षांत न बोललेलं सगळं एकदम बाहेर पडलं असतं. वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली शुक्रवारच्या गडबडीत पर्समध्येच राहिली होती, तेवढं निमित्त पुरलं. चहा न घेताच त्या घराबाहेर पडल्या.

वॉर्डात त्यांच्या टेबलाशी नवी प्रमुख बसली होती. पंधरा वर्षं हाताखाली काम केलेली, गुणी बाई. समोर जुन्या चार्टांच्या फायली पसरलेल्या. सिस्टरनी किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "पुढच्या महिन्याचा चार्ट करायचाय, म्हणून तुमचे बघत बसलेय. सगळ्यांची सुट्टी कशी बसवायचात हो तुम्ही? मला काही केल्या जमेना." मग जरा घुटमळून म्हणाली, "रागावू नका, पण एक विचारू? सगळ्यांच्या ओळीत लाल आहे. तुमच्या ओळीत कुठेच नाही."

"माझं नाव मी शेवटी लिहायची. जिथे ड्युटीला भोक उरायचं तिथे मी."

"आम्हाला वाटायचं, तुम्हाला घरी करमत नाही."

सिस्टरनी फाइल स्वतःकडे ओढली. कुठला महिना शोधायचा ते हाताला ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वीचा. आई अंथरुणाला खिळली होती, ताई एकटी तिचं करत होती. ताईचा सोमवारी फोन आला, आई सारखं तुझं नाव घेतेय, ये. त्या आठवड्यात एकीच्या भावाचं लग्न होतं, दुसरीच्या मुलाला ताप होता. सिस्टरनी दोघींची सुट्टी लाल पेन्सिलीनं लिहिली आणि ताईला सांगितलं, पुढच्या सोमवारी नक्की येते. आई शनिवारी गेली. ताईनं त्यावरून त्यांना आजवर एका शब्दानं दुखवलं नव्हतं.

आता सिस्टरना खरा राग आला. मुलाचा नाही, नवऱ्याचा नाही. स्वतःचा. सगळ्यांच्या सुट्ट्या त्यांनी सांभाळल्या आणि स्वतःच्या आईला मात्र रिकाम्या दिवसाची वाट बघायला लावली! मग पोरानं रकान्यात सुट्टी ठेवली नाही तर त्याचं काय चुकलं? त्यानं आईच्या ओळीत लाल कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर सेवावृत्ती म्हणून टाळ्या घेतल्या होत्या.

"आपली सुट्टी आपण पहिली लिहायची," त्या तिला म्हणाल्या. आवाज इतका चढला की खाटेवरच्या दोन बायका वळून बघू लागल्या. "पहिली! समजलं? माझं बघून शिकू नकोस."

घरी आल्या तेव्हा दीड वाजला होता. धाकटीला शेजारीण घेऊन आली होती आणि ती आजोबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर झोपी गेली होती. यजमान वैतागलेले. "कुठे होतीस? पोरीनं भात सगळा सांडला. मला काय जमतंय हे?"

सिस्टरनी फ्रीजवरचा चार्ट उतरवला, टेबलावर ठेवला आणि आपल्या नावावरून प्रत्येक रकान्यात काट मारली. मग पर्समधली लाल पेन्सिल काढून रविवारच्या खाली लिहिलं, सूनबाईंना सुट्टी. पेन्सिल नवऱ्याच्या हातात दिली.

"उरलेल्या जागा तुम्ही आणि तुमचा मुलगा मिळून भरा."

"मी? अगं, माझं वय काय..."

"माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त. आणि चार वर्षं विश्रांती झालीय. जन्मभर नकाशे काढलेत, एवढे रकाने भरता येतील."

त्यांनी ताईला फोन लावला. ताईला मुलानं सकाळीच फोन केलेला दिसला, कारण ती आपणहूनच म्हणाली, "अगं, तुझ्या सोयीनं ये हो. पोरांना अडचणीत टाकू नकोस. बूट काय, पुढच्या वर्षीही होतील."

"सोयीनं-बियीनं काही नाही. पुढच्या सोमवारी येतेय. नक्की."

ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नावालाही नव्हता, "आईच्या वेळीही पुढचाच सोमवार म्हणाली होतीस गं."

सिस्टरनी फोन ठेवला. मग आत जाऊन कपाटातून चार साड्या, दोन स्वेटर आणि रक्तदाबाच्या गोळ्या काढून पलंगावर ठेवल्या. यजमान दारात आले, हातात पेन्सिल तशीच.

"हे काय? जायचं सोमवारी ना? अजून सात दिवस आहेत."

"तेव्हाही सातच होते," सिस्टर म्हणाल्या. "माळ्यावरची बॅग काढून द्या. चारची बस आहे."