घाईत वाचलेले दुष्परिणाम

आधीच माफी मागतो. औषधांच्या जाहिरातींवर लिहावं असं माझं वय नाही आणि अधिकारही नाही. माझे वडील गावी पिठाची गिरणी चालवतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही अजून इथे सिंगापुरात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. काही चुकीचं लिहिलं गेलं तर ते माझ्या प्राध्यापकांच्या माथी मारू नये.

सिंगापूरच्या टीव्हीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांची जाहिरात करता येत नाही. पण बुकित पंजांग या उपनगरात ज्यांच्याकडे मी खोली घेऊन राहतो, ते काका अमेरिकेतल्या मेव्हण्याच्या अकाउंटवरून शेअर बाजाराचं अमेरिकन चॅनल बघतात. बाजाराबद्दल दोन वाक्यं झाली की जाहिरात. समुद्रकिनाऱ्यावर एक जोडपं चालतंय, पुढे एक गुबगुबीत कुत्रा. तिघंही इतके सुखी, की त्यांना झालंय काय ते कळत नाही. मागे एक आवाज हॉटेलातला पोऱ्या मेनू सांगतो तसा धडाधडा म्हणतो, चक्कर, मळमळ, पायांना सूज, क्वचित मृत्यू. मृत्यूच्या वेळी कुत्रा उडी मारून चेंडू पकडतो.

मला त्या जाहिरातीचा फार राग येई. एकेक औषध समजून घ्यायला आम्ही महिनोन्महिने घालवतो, आणि इथे ते विकायला एक कुत्रा पुरतो. शेवटी वर सल्ला, ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा.’ म्हणजे रोग्याने औषध सुचवायचं आणि डॉक्टरांनी मान डोलवायची.

काकांना मात्र जाहिरात आवडे. ते रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ऑडिटमध्ये आहेत. कुत्र्याकडे ते बघतसुद्धा नसत. डोळे मिटून फक्त तो घाईचा आवाज ऐकत.

“हसरे चेहरे म्हणजे वार्षिक अहवालातले फोटो रे,” ते म्हणत. “खरं काय ते शेवटी, बारीक अक्षरात.”

एका सकाळी ‘पायांना सूज’ ऐकताच त्यांनी डोळे उघडले, पायमोजा खाली केला आणि घोट्यावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. त्या दिवसापासून त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली.

काकू मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, “तू शिकतोयस ना हेच? सांग की त्यांना. यांच्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला होता, प्रेशरनेच. मला रोज धडकी भरते.”

मी चाचरत काकांना म्हणालो, “काका, ती जाहिरात त्वचेच्या रोगावरच्या औषधाची आहे. तुमच्या गोळीशी तिचा काही संबंध नाही.”

“सूज लिहिली होती की नाही?”

“हो, पण...”

“पायाला सूज आहे की नाही?”

“आहे, पण...”

“कितव्या वर्षाला आहेस तू?”



तरी त्या संध्याकाळी जेवताना ती जाहिरात पुन्हा लागली आणि मला राहवलं नाही. मी टीव्हीचा आवाज बंद केला. कुत्रा धावत होता, त्यावर मी त्याच घाईच्या सुरात म्हणालो, “गोळी न घेतल्यास डोकेदुखी, हृदयावर ताण, मूत्रपिंडाला इजा, पक्षाघात.”

त्यांची मुलगी हसून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “पपा, जस्ट गो अँड सी द डॉक्टर लाह!”

काकांनी घास खाली ठेवला. “हे कुठे लिहिलंय?”

“आमच्या पुस्तकात.”

“तळटीपेत?”

“नाही काका. अख्खं प्रकरण आहे, मोठ्या अक्षरात.”

“मग कसा विश्वास ठेवायचा?”

काकू उठल्या, कपाटातून प्रेशरचं मशीन आणलं आणि त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन घुरघुरलं. वाढलेला आकडा चांगला ठसठशीत उमटला, तरी काकांनी चष्मा काढून तो अगदी जवळून वाचला. पुन्हा मोजायला लावलं. मग ताटाकडे बघत म्हणाले, “उद्या पॉलिक्लिनिकला जातो. पण माझ्या सुजेचंही विचारणार.”

“विचारा,” काकू म्हणाल्या. “कुत्र्याचंही विचारा.”

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझं लक्ष नव्हतं. एक द्रावण मी दोनदा चुकवलं. सुजेचं काय ते बघतीलच डॉक्टर, असं मनाशी म्हणालो आणि मग आठवलं, की गोळीचं नाव काय ते मी काकांना विचारलंच नव्हतं. काकूंना फोन करायचं धाडस होईना. अखेर संध्याकाळी, एलआरटीची गाडी बुकित पंजांगला शिरत असताना, काकूंचाच मेसेज आला:

‘प्रेशर खूपच वाढलंय. गोळी परस्पर बंद केली म्हणून डॉक्टर रागावले. पण सूज त्या गोळीचीच होती म्हणाले. गोळी बदलून दिली. नवीन आत्ताच घेतली, माझ्यासमोर. तुला यांचा निरोप आहे, यापुढे त्या कुत्र्याला काही बोलायचं नाही.’