शहर कुठलं ते ठरेना, म्हणून पिंपरीत ट्रायल घेतली

लोक चाकणहून सुट्टीला गोव्याला जातात, महाबळेश्वरला जातात. आम्ही पिंपरीला गेलो. दोन रात्री लॉजवर राहिलो. हसा, हसून घ्या. आमच्या शेजारणीनं तर काळजीनं विचारलं, पिंपरीत कुणी दवाखान्यात आहे का म्हणून.

पण ज्यांच्या घरी अडीच वर्षांची जुळी आहेत, त्यांनी हसायच्या आधी पुढचं वाचावं.

गेल्या दिवाळीत मी आणि माझा नवरा सचिन, ओवी आणि मल्हारला घेऊन गाडीनं कोल्हापूरला निघालो होतो. मी मागे दोघांच्या मधे, पुढच्या सीटवर पिशव्या. खंबाटकी घाटात आधी मल्हार ओकला, त्याचं बघून ओवी ओकली, आणि मग दोघांनी असा भोंगा पसरला की साताऱ्याच्या अलीकडूनच आम्ही गाडी फिरवली. घरी आलो तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, अंगणात उभ्या. त्यांनी दोन्ही पोरं पोटाशी घेतली आणि निकाल दिला: पोरं शाळेत जाईपर्यंत आता शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही. आत्याबाईंचा निकाल लागला की आमच्या घरात अपील नसतं. सचिन कंपनीत वीस माणसांना कामाला लावतो, पण आईपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

शाळेत जाईपर्यंत म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. माझं तर डोकंच फिरलं. लग्नाआधी मी लातूरहून मैत्रिणींबरोबर कुठं कुठं फिरलेली बाई. बाळंतपणापासून माझं जग म्हणजे कंपनी, घर आणि मुलांचे डॉक्टर. मला एक मोठं शहर बघायचं होतं, अनोळखी रस्त्यांवर उगाच भटकायचं होतं. हैदराबाद, अहमदाबाद, इंदूर, नागपूर अशी यादी फ्रिजवर चिकटवलेली होती, आणि तिच्यावर पोरांनी खडूनं गिरगटून ठेवलं होतं.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे नवा पार्ट आला की तो थेट लाइनला लावत नाहीत. आधी थोडे नग ट्रायलला काढायचे, चेकशीट भरायची, ओके की एनजी, म्हणजे नापास, ते लिहायचं, साहेबांची सही घ्यायची, मग प्रॉडक्शन. एका गुरुवारी, आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची असते, भांडी घासताना मला एकदम सुचलं. तशीच ओल्या हातानं बाहेर आले आणि आत्याबाईंना म्हटलं, ट्रायल घेऊ. जवळच्याच शहरात दोन रात्री राहू. पास झाली तर जानेवारीत मोठं शहर. नापास झाली तर पोरं शाळेत जाईपर्यंत मी सुट्टीचं नाव काढणार नाही. चेकशीटवर सही तुमची.

आत्याबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "सही करायची म्हंजी मला यावं लागंल की."

हे काही माझ्या हिशेबात नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता. "यावंच लागेल," मी म्हटलं.

बुधवार

पहिली टीप. चाकणहून पिंपरी वीसेक किलोमीटर, पण पहिली पाळी सुटायच्या वेळेला निघू नका. आम्ही इतकी वर्षं त्या रस्त्यावर काढली आणि नेमके तेव्हाच निघालो. आंबेठाण चौकातच अर्धा तास गेला. पुढं मोशीच्या पुलापर्यंत कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि मधे आम्ही. यावेळी पुढच्या सीटवर आत्याबाई होत्या, मांडीवर गाठोडं घेऊन.

पण गंमत बघा, गाडीनं वेगच घेतला नाही म्हणून कुणी ओकलं नाही. शेजारी नव्या गाड्या लादलेला ट्रेलर उभा होता. मल्हारनं त्या मोजल्या: एक, दोन, पाच. ओवीनं प्रत्येक कंटेनरला टाटा केला. दीड तास लागला आणि एकदाही भोंगा वाजला नाही. मी पहिल्या रकान्यात ओके लिहिलं, तर आत्याबाई म्हणाल्या की अजून येताना बघायचंय.

लॉज मेट्रोपासून चालत पाच मिनिटांवर, खोली दोन हजारांच्या आत. खोली घेताना टीव्ही आहे का विचारू नका, गादी जमिनीवर टाकू देतील का ते विचारा. आमच्या मॅनेजरनं टाकू दिली. आत्याबाईंच्या गाठोड्यातून मेतकूट आणि तुपाची बाटली निघाली. खालच्या हॉटेलातून साधा भात मागवला, त्यांनी तो कालवला, दोघांनी बोटं चाटून खाल्ला आणि नऊच्या आत चिडीचूप. मी आणि सचिन कित्येक महिन्यांनी गरम जेवण गरम असताना जेवलो.

गुरुवार

सकाळी पिंपरी कॅम्पात दाल-पकवान खाल्लं. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी: मोठी, कडक, खुसखुशीत पुरी आणि त्यावर हरभऱ्याची डाळ. पोरांना डाळ नको होती, पकवान मोडण्यातच त्यांचा अर्धा तास गेला. आत्याबाईंनी आधी पुरी करपल्याची शंका घेतली आणि मग दुसरी प्लेट सांगितली.

अकराच्या सुमाराला मेट्रोवर आलो. ही वेळ लक्षात ठेवा, गर्दी ओसरलेली असते आणि एवढ्या लहान पोरांना तिकीट पडत नाही. सचिन दोघांना घेऊन सरकत्या जिन्यानं वर गेलासुद्धा. मी आत्याबाईंचा हात धरला आणि त्या जागच्या हलेनात. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या आणि त्या नुसत्या बघत होत्या. लिफ्टनं जाऊ म्हटलं तर त्या डब्यात बसणार नाही म्हणाल्या. साधा जिना म्हणावा तर गुडघे. शेवटी त्या कठड्याला टेकल्या.

"तुमी जावा. मी बसते हितंच."

माझा पारा चढला. पोरांची झोप तपासली, जेवण तपासलं, गाडी लागते का तपासलं, आणि गाडं अडलं कुठं, तर तपासणाऱ्यापाशी. आत्याबाईंना खाली सोडून गेलो तर सही कसली होतेय. डोळ्यांसमोर मला उरलेलं अख्खं वर्ष दिसायला लागलं. मी काहीतरी टोचून बोलणार होते, खरं सांगते, जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात सचिन दोघांना घेऊन लिफ्टनं खाली आला, कारण ओवीनं वर आजीच्या नावानं आकांत मांडला होता. ती धावत आली आणि आजीचं बोट धरून ओढायला लागली. "आजी, उडी माल."

आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नऊवारीचा ओचा मुठीत धरला आणि पाऊल टाकलं. ओवीचा दुसरा हात माझ्या हातात, मागे मल्हारला कडेवर घेऊन सचिन. वर पोचेपर्यंत आत्याबाईंनी श्वास घेतला की नाही मला शंका आहे. वर उतरल्या, पदर सारखा केला, मागे वळून जिन्याकडे बघितलं.

"परत," त्या म्हणाल्या.

चार वेळा, मंडळी. खाली यायला लिफ्ट, वर जायला जिना. त्या डब्यातसुद्धा मग त्या मुकाट्यानं बसल्या. आम्ही पाच जण तिथं जत्रेतल्या पाळण्यासारखे फिरत होतो, आणि मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं.

मेट्रोत त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटल्यावर त्यांनी बोटानं एका अंगाला दाखवलं. तिकडं मंडई, म्हणाल्या. मामंजी असताना पंधरा वर्षं त्या टेम्पोतून कोथिंबीर घेऊन इथं येत होत्या. "पाटंचं यायाचं, माल उतरवायचा, उजाडायच्या आत माघारी. पिंपरी म्हंजी मला मंडईचं दार तेवढं ठावं." हे मला लग्नाला सहा वर्षं होऊन माहीत नव्हतं. दापोडीचा पूल गेला, नदी गेली, त्यांनी खिडकीवरची नजर काढली नाही.

शिवाजीनगरजवळ गाडी जमिनीखाली शिरली तेव्हा मल्हारनं रात्र झाली असं जाहीर केलं आणि तो माझ्या मांडीवर झोपला. स्वारगेटला उठवून उतरवायला गेलो तर फलाटावर आडवा पडून त्यानं हातपाय झाडले. पाच मिनिटं. लोक बघत होते. तिथं मी इमानदारीत एनजी लिहिलं.

शुक्रवार, घरी

येताना भोसरीत थांबून केळी घेतली. परतीचा रस्ता मोकळा होता, गाडी पळाली, आणि तरी कुणी ओकलं नाही. घरी आल्यावर मी चेकशीट आत्याबाईंपुढं ठेवली. सगळे ओके, एक एनजी.

शहर कुठलं हे एव्हाना मला कळलं होतं. लहान पोरांना घेऊन शहर निवडताना किल्ले, राजवाडे, म्युझियम बघू नका. त्यांना चढ-उतार करायला जिने, खिडकीची जागा आणि दुपारी झोपायला जवळ खोली लागते. मेट्रो असलेलं कुठलंही शहर चालेल. मी हैदराबाद म्हटलं.

"नागपूरला हाय का मेट्रो?" आत्याबाईंनी विचारलं.

"आहे."

"आन् मराठी बोलत्यात?"

"बोलतात की."

त्यांनी फलाटाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, झालं, आता अडकलं. पण त्या म्हणाल्या की पोरं लोळायचीच, त्याचं काय एवढं. मग त्यांनी पेन हातात घेतलं.

"कोल्हापूरला निगाला तवा पुढची शीट मोकळी व्हती," त्या म्हणाल्या. "तितं पिशव्या ठिवल्या तुमी."

वर्षभर मी त्या निकालाचा राग राग केला, आणि निकाल पोरांच्या ओकण्याचा नव्हताच. वर्षभर शहरांची यादी फ्रिजवर होती, रोज दूध काढताना त्यांच्या नजरेसमोर. तुम्हाला कुठं जायचंय, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

आत्याबाईंनी एकेक अक्षर लावत सही केली. मी यादीतल्या बाकीच्या नावांवर रेघ मारली, नागपूर ठेवलं, आणि रेल्वेची तीन तिकिटं काढली. त्यातलं एक खिडकीचं आहे, आणि ते कुणाचं यावर घरात चर्चा होणार नाही.