बसायचं का उठायचं

“हिला भिंतीकडं बसवा. ही काय आपणहून मधेच उठत नसती.”

आत्या हे मम्मीला म्हणाली, मला नाही. थिएटरातले दिवे अजून चालू होते आणि मी ओळीच्या तोंडाशी पॉपकॉर्नचा डबा धरून उभी होते. मी समोर असताना माझ्याबद्दल असं बोललं जाण्याची मला सवय आहे. मी मुकाट्यानं आत सरकत गेले आणि अगदी शेवटच्या, भिंतीला खेटलेल्या खुर्चीत बसले.

आमच्या घरात ही खुर्ची कुणालाच नको असते. आम्ही पिक्चर अर्धवट सोडून उठणारे लोक आहोत. त्यामुळे पॅसेजच्या कडेच्या जागेसाठी आमच्यात जी ओढाताण होते, ती इतर कुटुंबांत बसच्या खिडकीसाठी होत असेल. ही सवय पप्पांची. ते शेंद्र्याच्या कंपनीत सुपरवायझर आहेत आणि खराब माल पुढं जाऊ द्यायचा नाही हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की रविवारीसुद्धा ते थांबत नाहीत. “तीन तास कोंडूनच घ्यायचं तर हर्सूलचं जेल काय वाईट आहे? तिथं जेवण तरी देतात,” असं म्हणून ते उठतात. त्यांच्यामागं आत्या, मग मम्मी, आणि सगळ्यात शेवटी पर्स, पाण्याची बाटली, आत्याचा स्वेटर असं सगळं गोळा करत मी.

अर्थात पप्पा लोकशाहीवाले आहेत. इंटरव्हलला समोशाच्या काउंटरपाशी आमच्याकडं मतदान होतं. पप्पा समोसा मोडतात, वाफ जाऊ देतात आणि विचारतात, “बोला. बसायचं का उठायचं?” आत्याचं मत ठरलेलं, उठायचं. तिला खरं तर घरून निघतानाच उठायचं असतं. मम्मी हिरॉइनच्या साड्यांवर ठरवते. भुताच्या पिक्चरला मात्र मतदान होत नाही. पहिलं भूत दिसलं की पप्पा स्वतःच उठतात आणि बाहेर येऊन सांगतात, की कथेत दम नव्हता.

माझी पाळी आली की मी म्हणते, “काहीही चालेल.” पप्पा म्हणतात, “एक मत तटस्थ.” आणि विषय संपतो.

खरं म्हणजे मी अजिबात तटस्थ नसते. अंधारात माझ्या डोक्यात अख्खं परीक्षण चालू असतं, त्यात पप्पांपेक्षा जास्त शिव्या असतात. पण ते तोंडापर्यंत येत नाही. इंग्रजी शाळेत गेल्यामुळं माझं मराठी जपून-जपून बोललेलं असतं. आत्या त्याला ‘बातम्यांचं मराठी’ म्हणते. एकदा हसलं कुणी, की मी पुढचे चार दिवस मान हलवून काम भागवते. ऑफिसात मी अनोळखी माणसालाही बेधडक ‘एक्सक्यूज मी’ म्हणते. आत्याला ‘एक्सक्यूज मी’ कसं म्हणणार?

शाळेत असताना या सवयीचा मला फार त्रास झाला. सोमवारी मुली पिक्चरचा शेवट सांगायच्या आणि मला फक्त इंटरव्हलपर्यंतचं माहीत असायचं. मग मी घरी येताना रिक्षात उरलेला पिक्चर मनातल्या मनात पूर्ण करायचे. माझ्या शेवटांत सहसा कुणी मरायचं नाही, सगळे आपापल्या घरी जायचे.

तर त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत काका बसले होते. त्यांनाही आत ढकलण्यात आलं होतं, कारण तेही उठणार नव्हते. तो पिक्चर त्यांचा होता.

काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. खुलताबादच्या अलीकडं त्यांची सीताफळाची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका मराठी पिक्चरचं शूटिंग आलं आणि पिक्चरवाल्यांना नवरीचा मामा हवा होता. मिशा बघून काकांना घेतलं. फेटा बांधला, मांडवात उभं केलं आणि एक वाक्य दिलं: “रडू नको बाई, गाडी उभी हाय.”

त्या वाक्यानं आमची दोन वर्षं खाल्ली. काका ते गंभीर आवाजात म्हणून बघायचे, मग खालच्या आवाजात, मग ‘बाई’वर जरा थांबून. भावकीतल्या खऱ्या लग्नांत पाठवणीच्या वेळी लोक त्यांनाच पुढं करू लागले. काकू कांदा चिरायला लागली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला, की काका ओट्याशी येऊन म्हणायचे, “रडू नको बाई, गाडी उभी हाय.” काकू म्हणायची, “गाडी उभी असंल तर तुम्हीच बसा तिच्यात.”

अखेर पिक्चर आला. आमच्या शहरात त्याला जालना रोडवरच्या मॉलमधला दुपारचा एक खेळ मिळाला. काका-काकू सकाळीच आमच्या सिडकोतल्या घरी आले. काकांच्या अंगात नवा पांढरा शर्ट, इतका कडक की बसताना आवाज व्हायचा. गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आपला भाग मोबाइलवर घेतो आणि ग्रुपवर टाकतो. संध्याकाळी पारावर लोक वाट बघणार होते.

हॉलमध्ये आमच्याशिवाय कोपऱ्यात एक जोडपं होतं, पण ते पिक्चर बघायला आलेलं नव्हतं.

पिक्चर सुरू झाला. हीरो शहरातून गावात परत आला. थोड्या वेळानं तो पुन्हा गावात परत आला. मधे तो कधी गेला होता, ते दाखवलंच नव्हतं. खलनायक बोलायच्या आधी हसायचा, आणि हसून झाल्यावर काय बोलायचं ते विसरल्यासारखा बघत राहायचा. हिरॉइन सगळीकडं तीच रिकामी घागर घेऊन फिरत होती. हीरोनं एका म्हशीसमोर शेतीमालाच्या भावावर भाषण केलं. म्हशीनं मान फिरवली, आणि पूर्ण पिक्चरमधला खरा अभिनय तेवढाच होता.

मी हळूच ओळीकडं बघितलं. आत्याची चप्पल पायात होती. एरवी ती बसल्याबरोबर काढते. पप्पांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, उठायच्या बेतातल्या माणसाचे असतात तसे. पण कुणी हललं नाही.

इंटरव्हलला काउंटरपाशी सगळे समोसे घेऊन उभे राहिलो. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. शेवटी काकाच म्हणाले, “दादा, इचार की. बसायचं का उठायचं?”

“आज मतदान नाही,” पप्पा म्हणाले.

“माझा भाग आता येतोय. त्यो बघू अन् लगीच उठू.”

“लगेच कशाला? तुझा पिक्चर आहे. शेवटपर्यंत बसू.” पप्पांनी हे इतक्या जोरात सांगितलं, की मम्मीनं त्यांच्याकडं चमकून बघितलं.

“मामाला आणखी काही काम हाय का पुढं?” आत्यानं विचारलं.

“नाय, तेवढंच.”

“बरं झालं,” आत्या म्हणाली, आणि मग घाईनं, “म्हंजे थोडक्यात गोडी.”

आत जाऊन बसलो. पहिल्यांदा पप्पांना फोन आला. फोन वाजला नव्हता, स्क्रीनही काळीच होती, पण पप्पा तो कानाला लावून “हां, बोला साहेब” म्हणत वाकून बाहेर गेले. जरा वेळानं मम्मी “ह्यांना बघून येते” म्हणून गेली. आत्यानं मोठ्यानं सांगितलं, की तिचे गुडघे एसीनं धरलेत. एरवी आम्ही कसे ताठ, उघडपणे उठतो! आज एकेक जण चोरासारखा सटकत होता. शेवटी काकू काकांच्या कानाशी लागली.

“तुमचा भाग आला की फोन करा. मी दारातच हाय.”

“आगं, बस की. येतोच आता.”

“मग पळत येते.”

ती गेली. ओळीत मी, काका आणि अर्धा डबा पॉपकॉर्न उरलो. काकांनी मोबाइल काढला, कॅमेरा चालू केला आणि छातीपाशी उभा धरला.

तेवढ्यात गाणं लागलं. पहिल्या कडव्यात हिरॉइन घागर घेऊन ज्वारीतून पळत होती. दुसऱ्या कडव्यात ती तशीच पळत होती, पण तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. मी सरळ होऊन बसले. तिसऱ्या कडव्यात एक लहान मुलगी दप्तर आणि पाण्याची बाटली घेऊन तिच्यापुढं पळत होती आणि हीरो पोरीला ‘डबा खा हं पूर्ण’ अशा खुणा करत होता.

गाणं संपलं. मांडव नाही, फेटा नाही, गाडी नाही. अख्खं लग्न दोन कडव्यांच्या मधे कुठंतरी लागून गेलं होतं.

मी काकांकडं न बघता बघितलं. मला ते चांगलं जमतं. त्यांनी मोबाइल खाली घेतला नव्हता. ते पडद्याकडंच बघत म्हणाले, “मागचं मग दाखवतेत. पिच्चरमधी असं असतं.”

“हं,” मी म्हणाले.

मुलगी शाळेत गेली. बाईंनी तिला पाढे विचारले. मुलगी मोठी झाली, चौथीत गेली, तिला स्कॉलरशिप मिळाली, हीरोनं पुन्हा भाषण केलं. काकांचा हात दुखत असणार, कारण त्यांनी मोबाइल उजव्या हातातून डाव्यात घेतला आणि पुन्हा उजव्यात. प्रत्येक वेळी पडद्यावर चार माणसं एकत्र आली, की त्यांचं बोट बटणावर जायचं. एकदा ती गावातली सभा निघाली, एकदा प्रेतयात्रा. दोन्ही वेळा बोट गेलं आणि मागं आलं.

माझ्या फोनवर मम्मीचा मेसेज आला, “आला का?” मी लिहिलं, “नाही अजून.” मग ‘अजून’ खोडलं. मग पुन्हा लिहिलं आणि पाठवलं.

मला वाटलं, काकांना कळलंय. मला कळलंय हे त्यांना कळलंय की नाही, तेवढंच बाकी आहे. दोघंही गप्प बसलो तर हे शेवटपर्यंत चालणार होतं. नावांच्या पाट्या संपणार, दिवे लागणार, आणि त्या लख्ख उजेडात ते कडक शर्टात मोबाइल धरून बसलेले असणार. दारात सगळे विचारणार, झालं का, दिसला का. आणि संध्याकाळी पारावर त्यांना सांगावं लागणार, की आपल्याला पिक्चरमधून काढलं.

पण मधेच उठलो तर? मधेच उठलो तर आपण पिक्चर सोडला. आमच्या घरानं आजवर कितीतरी मोठमोठे पिक्चर सोडलेत, त्यात हा एक. लोक म्हणतील, काय झालं, आणि काका मिशीवर हात फिरवून म्हणतील, बघवंना राव, उठून आलो. पुढं आमचा भाग असंलही, आम्ही थांबलोच नाय.

पप्पा इतकी वर्षं ही केवढी सोय करून ठेवत होते, हे मला त्या भिंतीकडच्या खुर्चीत पहिल्यांदा लक्षात आलं. फक्त ‘उठा’ कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ज्यांना ते म्हणता येतं ते सगळे बाहेर समोसा खात होते.

मी वाक्य मनात तयार केलं. ते फार लांब झालं, त्यात ‘कदाचित’ दोनदा आलं. मी ते कापलं. घसा साफ केला आणि म्हणाले, “काका.” पडद्यावर ढोल सुरू झाला.

“आँ?”

“काही नाही. पॉपकॉर्न?”

“नको, माय. हात गुतलाय.”

त्यांनी मोबाइलच्या हाताचं कोपर दुसऱ्या तळहातावर टेकवलं आणि डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. पडद्यावर हीरो बैलगाडीत बसून कुठंतरी निघाला होता. मला आतून चांगलं माहीत होतं, की तो परत येणार.

मी उभी राहिले. ओढणी खुर्चीत अडकली, ती ओढून काढली. पॉपकॉर्नचा डबा खाली पडून दाणे सगळीकडं गेले. कोपऱ्यातलं जोडपं वळून बघायला लागलं. काकांनीही मान वर करून बघितलं आणि त्यांचा मोबाइल पहिल्यांदाच मांडीवर आला. ढोल चालूच होता, त्यामुळं मला ओरडावंच लागलं.

“काका, नवरीची पोरगी चौथीत गेली. आता काही लग्न लागत नाही. पिक्चर लई भंगार आहे. उठा, आपण जाऊ.”