मामंजींच्या टाचा

आमच्याकडे आणलेलं कुत्र्याचं पिल्लू घरात एकाच माणसाच्या मागे हात धुऊन लागलं होतं, आणि नेमकं त्याच माणसाच्या, ज्याचं मन दुखू नये म्हणून आम्ही सगळे जपून वागत होतो. तो माणूस म्हणजे माझे सासरे.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली होती आणि आम्ही मालवीय नगरात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. सासूबाई हिवाळ्यात गेल्या. त्यानंतर वाईजवळच्या गावातलं घर बंद करून आम्ही मामंजींना इकडे आणलं. जन्मभर शाळेत पीटी शिकवलेला ताठ माणूस, पण आमच्या घरात परक्यासारखा वावरायचा. कूलर लावायचा तरी विचारायचे, "लावला तर चालेल ना?" मला आधी राग यायचा, मग वाईट वाटायचं.

लेक तेव्हा तिसरीत होती. तिला कुत्रा हवा होता आणि मला वाटत होतं, मामंजींनाही विरंगुळा होईल. जयपुरातच सोडाल्याला नवऱ्याच्या एका सहकाऱ्याकडे कुत्री व्याली होती, तिथून एक तांबूस पिल्लू टोपलीत घालून आणलं. अंगाने मूठभर. नाव ठरेपर्यंत पिल्लू म्हणू, असं ठरलं आणि तेच नाव तिला चिकटलं. मुलगी होती ती, आणि दात म्हणजे सुयाच.

चावायची तशी ती सगळ्यांनाच. खेळताना माझी बोटं धरायची, लेकीच्या फ्रॉकची झालर ओढायची. पण ते तेवढ्यापुरतं. मामंजींची गोष्ट वेगळी होती. दुपारी जेवून ते खोलीचं दार लावून घ्यायचे आणि उन्हं कलली की चहाला बाहेर यायचे. त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं की ही कुठून तरी सुसाट यायची आणि टाचेला लटकायची. आधी चाटायची, मग दात लावायची. मामंजी "हड्! हड्!" करत पाय झटकायचे, उड्या मारायचे, आणि हिला आणखी चेव चढायचा. सकाळी मात्र तीच त्यांच्या खुर्चीखाली गुमान पडलेली असायची. या कोड्याने माझं डोकं उठवलं होतं.

सल्ले फुकट मिळतात, त्यामुळे भरपूर मिळाले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "भाभीजी, चप्पल पे लाल मिर्च मल दो." मी चोळली. मामंजींनी चप्पल हाताने सरकवली, त्याच हाताने डोळे पुसले, आणि संध्याकाळभर आम्ही त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत बसलो. पिल्लू शेजारी बसून बघत होतं. सोडाल्याचे सहकारी म्हणाले, वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर एक द्या. गावाहून टपालाने येणारं मामंजींचं मराठी साप्ताहिक हाताशी होतं. हिने त्याच्या चिंध्या केल्या, तेही त्यांनी वाचायच्या आत.

शेवटी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंड उघडून बघितलं. "दूध के दाँत हैं, खुजली होती है. माँ से जल्दी अलग कर दिया आपने." मग समजावून सांगितलं ते असं: पिल्लं एकमेकांना चावूनच शिकतात. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. तेव्हा चावणाऱ्याला कळतं, इतकं जोरात नको. हिला ते शिकायला भावंडंच उरली नव्हती. "आप लोग उछलते हो, वो समझती है खेल चल रहा है. खेल बंद करो."

हे पटलं. पण मामंजीच का, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते मामंजींनी स्वतःच काढलं होतं. त्या रात्री जेवताना ताटाकडे बघत ते नवऱ्याला म्हणाले, "मुक्या जनावराला माणूस कळतो रे. तिला मी घरात नकोय. पोरीचा जीव आहे तिच्यावर, तिला कुठे घालवू नका. माझंच तिकीट काढ."

नवरा म्हणाला, "बाबा, कुत्र्यासाठी कोणी घर सोडतं का? सकाळी तिला सोडाल्याला पोचवतो." लेक जेवण टाकून रडत उठली. मामंजी आणखीच अवघडले. गावातल्या त्या बंद घरात हा माणूस एकट्याने चूल पेटवणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आणि मला स्वच्छ कळत होतं, की पिल्लू परत पाठवलं तरी मामंजी जाणारच. पिल्लाने फक्त त्यांच्या मनातलं भय खरं करून दाखवलं होतं.

मी पिल्लासाठी थोडे दिवस मागून घेतले. मामंजी मात्र तिकिटावर अडून राहिले, तेव्हा नवरा मुकाट्याने स्टेशनवर जाऊन वडिलांचं तीन आठवड्यांनंतरचं तिकीट काढून आला, सवाई माधोपूरला गाडी बदलायची वगैरे सगळं विचारून.

आणि मग एका दुपारी मला ते दिसलं. मामंजी खोलीतून मोरीपर्यंत जाऊन परत आत गेले होते. बाहेर लूच्या गरम झळा सुटल्या होत्या, पडदे ओढलेले. पिल्लू फरशी चाटत निघालं होतं. इकडेतिकडे नाही, सरळ एका ओळीत, पावलापावलावर थांबत. मी वाकून बघितलं. फरशीवर काळपट, तुपकट पावलं उमटली होती.

आमच्याकडची कोणतीही बाई ते ठसे ओळखेल. अंगात उष्णता झाली, डोळे जळजळले, की तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं. घासता घासता तूप काळं पडतं आणि आपण म्हणतो, बघा, उष्णता निघाली. साताऱ्याकडच्या उन्हाळ्यावरचा उपाय. जयपूरच्या मे महिन्यात मामंजींना त्याची रोज गरज पडत असणार.

मी दार वाजवलं. मामंजी चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. पलंगावर वाटी, तिच्यात घरचं तूप, पाय पुसायचा पंचा.

"तुमच्या सासूबाई करायच्या," ते म्हणाले. "रोज नाही, उन्हाळ्यात. आता सुनेला काय सांगायचं पाय घासून दे म्हणून? म्हणून आपलं आपण…"

मला हसूही आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "मामंजी, अहो, रवाळ साजूक तूप लावून तुम्ही तिच्या नाकासमोरून चालत जाता. ती तुमचा रागराग करत नाही. या घरात तिला सगळ्यांत जास्त तुम्हीच आवडता."

मामंजींनी एक पाय वर घेतला आणि टाच पुन्हा पंच्याने पुसून काढली.

मग म्हणाले, उद्यापासून घासणं बंद. मी बंद करू दिलं नाही. घासून झालं की डाळीच्या पिठाने पाय धुवायचे आणि मोजे घालायचे, असा तोडगा मी काढला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. ती खुशी चहापर्यंत टिकली. मोजा म्हणजे पिल्लाला आयतं खेळणं. तुपाचा वास गेला, पण टाच झटकणारा माणूस तोच होता. तिने मोज्याचं टोक धरलं आणि अर्धा मोजा घेऊन पळाली.

मग डॉक्टरांचं बोलणं अमलात आणायचं ठरलं. ती आली की कोणी हलायचं नाही, ओरडायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. तिने सोडलं की लगेच जुन्या लुगड्याची गाठ मारलेली, थंड पाण्यात भिजवलेली चिंधी पुढे करायची, की चाव काय चावायचं ते. लेकीने आजोबांना शिकवणी दिली. "आजोबा, मतलब तुम्ही हलायचंच नाही. स्टॅच्यू."

"स्टॅच्यू कशाला?" मामंजी म्हणाले. "सावधान म्हण."

आणि उभे राहिले. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, नजर समोरच्या भिंतीवर. माझ्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना पूर्ण उंचीत पाहिलं. पिल्लू आलं, टाचेला लागलं, त्यांनी दात आवळले पण पाय हलवला नाही. तिने वर बघितलं. पुन्हा एकदा चावून बघितलं. मग शेपूट पडली, आणि खेळ मोडल्यासारखी ती समोर बसली. मामंजींनी चिंधी पुढे केली.

एका दिवसात काही झालं नाही. कधी दोन दिवस शहाण्यासारखी वागायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. मीच एकदा वैतागून किंचाळले तर मामंजींनी मला दटावलं, "सूनबाई, खेळ चालू ठेवू नका." त्यांचा शाळेतला आवाज होता तो. मला तो फार आवडला.

तिकिटाच्या आदल्या दिवशी मामंजी पायरीवर बसले होते. पिल्लाने त्यांचा हात तोंडात धरला. मी चिंधी घेऊन धावले, तर त्यांनी दुसऱ्या हाताने थांबवलं. ती चावत नव्हती. सगळे दात त्यांच्या मनगटावर होते, पण नुसते टेकवलेले. थोड्या वेळाने तिने आपण होऊन हात सोडला आणि तिथेच डोकं टेकून डोळे मिटले.

नवरा बँकेतून आला तेव्हाही ते तसेच बसले होते. पिल्लू जागं होईल म्हणून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिकीट रद्द करायला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं का रे?"

नवरा तिथेच पायरीवर टेकला. "मी करतो ना बाबा."

"नको. मी येतो बरोबर. उभं राहायची सवय आहे मला."

सकाळी दोघं स्कूटरवरून स्टेशनला निघाले. मी फाटक लावलं, पिल्लाला उचलून घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून पोटभर रडले.