कड्यावरची पाटी

ऑस्ट्रेलियात लेकीकडे गेले होते, तेव्हा जंगलातला एक कडा पाहायला गेलो. तिथं एका दरोडेखोराची भली मोठी पाटी होती. तो कुठं लपायचा, कुठं मेला, सगळं लिहिलेलं. मेल्याचं केवढं कौतुक! मी खडकावर बसले आणि वाटणाच्या पाट्यासारख्या झिजलेल्या एका चरात चहाचा पेला ठेवला.

शेजारी तिथल्या मूळ लोकांपैकी एक म्हातारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "तिथं आमची माणसं कुऱ्हाडींना धार लावायची."

मी ओशाळून पेला उचलला, सांडलेला चहा पदरानं पुसला. दगड इतका झिजायला किती पिढ्या लागल्या असतील!

"मग ती माणसं कुठं गेली?"

तिनं कड्याखाली बोट दाखवलं. "गोऱ्यांनी इथूनच लोटली."

त्याची पाटी नव्हती. कठड्यावर तेवढं लिहिलं होतं, 'जपून, तोल जाईल.'